जिभेखालची गोळी

तिला घरीदारी सगळे रेडिओच म्हणत. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम; पण मालक तिला मुद्दाम पुढे बसवायचा. तिच्या गप्पांत गिऱ्हाईक असं रमायचं, की एका चष्म्याला आलेलं दोन घेऊन जायचं.

चाळीस वर्षं पुरुष म्हणून रेटल्यावर एकदाची ती बाई म्हणून राहू लागली आणि थोरल्या बहिणीला घेऊन हार्मोनच्या उपचारासाठी डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"ही गोळी जिभेखाली ठेवायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही. वीसेक मिनिटं."

"बोलायचं नाही?" रेडिओचा चेहरा पडला.

"दिवसातून किती वेळा?" ताईनं विचारलं.

"दोनदा."

"चार वेळा नाही का देता येणार?"

पुरुषी हार्मोन दाबणारी दुसरी गोळी गिळायची होती. तिनं वेगळाच ताप दिला. तासातासाला लघवीला धाव. मग रेडिओनं ती डॉक्टरीणबाईंना विचारून सकाळची करून घेतली आणि बाजारातल्या कुठल्या संडासाला कडी आहे नि कुठल्याला नुसताच विश्वास, हे पाठ करून टाकलं. तिसऱ्या महिन्यात छाती इतकी हुळहुळी झाली, की टेबलाच्या खणाचा कोपरा लागला आणि तिच्या किंकाळीनं समोरच्या गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं चष्म्याशिवाय दिसली म्हणे. "दुखणारच, वाढ होतेय," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "मऊ सुती कपडे घाला आणि खणापासून लांब राहा." रडू तर काय, साबणाच्या जाहिरातीलाही यायचं.

एका सकाळी दुकान उघडून तिनं गोळी जिभेखाली सारली, तोच दारात आत्या उभी. दोन वर्षं तोंड न दाखवलेली आत्या, हातात चष्मा नि चष्म्याची निखळलेली काडी.

"मालक नाही? मग तूच कर." आत्या खुर्चीत बसली. "बोलणार नाहीस माझ्याशी? नको बोलूस. मीच बोलते."

आणि ती बोललीच. "तू असा बदललास, हे मला कुणी सांगितलं? भाजीवालीनं! सख्ख्या आत्याला भाजीवालीनं सांगावं? भावाचा एकुलता एक मुलगा तू..."

रेडिओच्या घशाशी अकरा उत्तरं रांगेत उभी होती. पण गोळी अजून अर्धी होती. ती मुकाट्यानं बारीक स्क्रू शोधत राहिली.

"पूर्वी एक शब्द खाली पडू द्यायचा नाहीस. आज ऐकून घेतोयस." आत्याचा आवाज उतरला. "गेल्या वर्षी मी जिन्यावरून पडले, पाय मोडला. तीन महिने अंथरुणात होते. रोज वाटायचं, येशील. मीच बोलणं टाकलं होतं, ठाऊक आहे मला. तरी वाटायचं."

रेडिओला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या हातातला स्क्रू खाली पडला आणि डोळ्यांतून धार लागली.

"अगं, रडतेस काय अशी!" आत्या म्हणाली आणि स्वतःच चपापली. रेडिओला ओरडावंसं वाटलं, पण तोंडात लाळ साठली होती. तिनं पाच बोटं दाखवली.

"पाच काय? पाच वर्षांनी बोलणार माझ्याशी?"

रेडिओनं जोरजोरात मान हलवली, घड्याळाकडे बोट केलं. शेवटी गोळी विरघळली. "आत्या, जिभेखाली गोळी होती गं!" आणि मागची अकरा उत्तरं एका दमात बाहेर पडली. त्यात माफी होती, भांडण होतं, पायाची चौकशी होती.

आत्यानं सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे गप्प बसलीस ती गोळीमुळे? आमच्या यांच्यासाठी दोन दे ना."

"कुणाची गोळी कुणी घ्यायची नसते, आत्या. आधी रक्त तपासतात, मग मोजून देतात."

"मग आता तुझं कधी तपासणार?"

"सोमवारी. सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं असतं."

सोमवारी आत्या दुरुस्त चष्मा लावून रक्ततपासणीच्या खोलीबाहेर हजर. भेटल्याभेटल्या एकाच वाक्यात 'उशिरा आलास' आणि 'जेवली नाहीस' असं दोन्ही झालं होतं. रेडिओनं पहिलं सोडून दिलं, दुसरं धरलं. खिडकीतल्या माणसानं कागदावरचं जुनं नाव पुकारलं आणि मान वर करून विचारलं, "हा पेशंट कुठाय?"

रेडिओ तोंड उघडणार, तोच आत्या उठली. "हा नाही, ही! समोर साडेपाच फुटांची बाई उभी आहे, दिसत नाही? डोळे तपासून घ्या. आमच्या मुलीचं दुकान आहे चष्म्याचं."

दुकान मालकाचं होतं. पण रेडिओनं आयुष्यात पहिल्यांदाच, गोळीशिवाय, चूक दुरुस्त केली नाही. तिनं बाही वर केली आणि आत गेली.