पोळ्याची हळद लागलेलं इंजिन

बोटीचं इंजिन दुरुस्त करायला वर्धा जिल्ह्यात चाललोय, असं मालवणात सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग माझ्या बायकोकडे कीव करून बघतात. तीही पिशवी भरताना म्हणाली, "तिथे समुद्र कधी आला?" मी पिस्टनच्या दोन रिंगा, हेडचं गॅस्केट आणि पाणी ओढणारी रबरी चक्री रुमालात बांधून कपड्यांत खुपसली आणि निघालो.

फोन गजाननचा होता. हा धीवर (मासे धरणारा समाज) गडी मागे दोन हंगाम आमच्याकडे ट्रॉलरवर खलाशी होता आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या गॅरेजात येऊन बसायचा. आता वर्धा नदीच्या धरणावर मच्छीमार सोसायटीची बोट चालवतो. "मिस्त्रीकाका, इंजिन तापून बसलं. सोसायटीवाले म्हणतात का म्या पेट्रोलमंदी तेलच टाकलं नाई. सोमवारी जाम गावचा भंगारवाला येऊन राह्यला. तो इंजिन घेऊन गेला का मीबी नागपूरले जातो मजुरीले. या गावात तोंड दाखवाची सोय नाई राह्यली."

तेल विसरणारा हा माणूस नव्हे. माझ्या गॅरेजात तो तेल मापून झाल्यावर मापाचा वास घेऊन बघायचा.

पुलगावला उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. स्टेशनाबाहेर तर्री पोहे (पोह्यांवर झणझणीत रस्सा) खाल्ले. पहिल्याच घासाला ठसका लागला आणि अर्धी तर्री शर्टावर आली. गाडीवाल्याने न मागता पाणी दिलं आणि न विचारता आणखी तर्री वाढली. तिथून एसटीने रोहण्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर नुकता फुटू लागलेला कापूस. मी जन्मात असा कापूस पाहिला नव्हता. खिडकीतून तोंड आत घेववत नव्हतं.

शेजारच्या शेतकऱ्याने पिशवीतले पाने बघून चौकशी केली. मी सांगितलं. "धरणावरचं इंजिन? ते त पोळ्यालेच मेलं, जी," तो म्हणाला. मी ते कानाआड केलं.

एसटीतून उतरून गजाननबरोबर काठावर आलो आणि धरणाचं पाणी दिसताच पिशवी खाली ठेवली. समुद्र मला नवा नाही, पण त्याला पलीकडचा काठ नसतो, म्हणून तो किती मोठा हे कधी कळतच नाही. इथे पार पलीकडे एक टोली (छोटी वस्ती) मोहरीएवढी दिसत होती आणि मधे सगळं पाणी. त्यातून वाळलेल्या बाभळींचे शेंडे वर आलेले, प्रत्येकावर एकेक पाणकावळा. वारा नव्हता, वास नव्हता, लाटेचा आवाज नव्हता. एवढं पाणी इतकं गप्प राहू शकतं, याची मला चक्क भीती वाटली.

"आमची नदी त्याच्या खाली हाय," शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. या गजाननच्या आई, वच्छलाबाई. "मले अजूनबी वरून समजते, कुठून जात होती ते."

इंजिन त्यांच्याच ओसरीवर खाटेवर निजवलेलं होतं, वर गोधडी. दुखणाईत माणसासारखी त्याची बडदास्त बघून मला हसू आलं, पण कुणीच हसत नव्हतं. सोसायटीचे अध्यक्ष बाबारावजी खुर्ची टाकून बसले होते. "सोमवारपर्यंत चाललं त ठेवू," ते म्हणाले. "नाई त इकून टाकू."

हेड खोललं. गॅस्केट जळालेलं, पिस्टनवर ओरखडे, रिंगा खाचेत चिकटून बसलेल्या. पण तेलाचा तवंग सगळीकडे होता. तेल पडलं होतं. मग तापलं काऊन? 'का'साठीचा हा इकडचा शब्द एव्हाना माझ्याही तोंडात बसला होता. टू-स्ट्रोकचं हे इंजिन बाहेरचं पाणी ओढूनच थंड राहतं, म्हणून मी पाण्यात बुडणारा पाय सोडवला. आतल्या चक्रीच्या पाती जळून तुटल्या होत्या आणि पाणी घेण्याच्या जाळीत पिवळा, घट्ट थर बसला होता. नखाने खरवडला. हळद, तूप आणि त्यात पळसाच्या पानाचा तुकडा.

मी ते बोट सगळ्यांपुढे धरलं.

"हे माह्याच हातचं हाय," वच्छलाबाई म्हणाल्या.

इकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी करतात, म्हणजे वर्षभर जू ओढून दुखावलेला खांदा हळद-तूप लावून पळसाच्या पानाने शेकतात. मासे धरणाऱ्यांकडे बैल कुठला? ओढणारं जनावर म्हणजे हे इंजिन. भार पाण्यातल्या पायावर पडतो, तर त्याचा खांदा तोच, असा बाईंनी हिशेब लावला आणि मनापासून, दाबून दाबून तूप भरलं. दुसऱ्या दिवशी गजाननने इंजिनाला माळ घालून साऱ्या गावाला बोटीतून फिरवून आणलं.

"म्या पोरालेच बट्टा लावला," त्या बाबारावजींकडे वळून म्हणाल्या. "त्याले नका बोलू. मले बोला."

बाबारावजी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले. मला त्या बाईंचा इतका आदर वाटला की मी उगाच पाना शोधत बसलो.

जेवणात मरळ माशाचा रस्सा होता. गोड्या पाण्यातला मासा म्हणून मी नाक मुरडायच्या तयारीत होतो. तिसरी भाकरी घेतली तेव्हा गजानन पहिल्यांदा हसला. त्या रश्श्याच्या धुंदीत मी घात केला. नवी रिंग पिस्टनवर चढवताना जरा जास्त ताणली आणि ती माझ्या हातात मोडली. आयुष्यभर इतरांना शिकवलेलं काम! इथे रिंग कुठे मिळणार? मी मालवणी भाषेत स्वतःला जे म्हणालो ते इथे लिहीत नाही.

खालची जुनी रिंग तापापासून जरा लांब असते, ती वाचण्यासारखी होती. पिस्टन रॉकेलात भिजत ठेवला. जाळ्याची गाठ सोडवणारी वच्छलाबाईंची बोटं त्या रिंगेला अशी काही हलवत राहिली की सकाळी ती अख्खी सुटून आली. मोडक्या रिंगेच्या तुकड्याने मी खाचा खरवडल्या, ओरखडे घासून काढले, आणि एक नवी, एक जुनी अशी जोडी बसवली. गॅस्केट, चक्री, हेड. गजाननने तेल मापलं आणि मापाचा वास घेतला.

सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा होता तेव्हा आम्ही इंजिन बोटीला लावलं. दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, खोकलं. मग निळा धूर काढून ते असं सुरू झालं की पाणकावळे एकदम उडाले. पण माझे डोळे इंजिनाच्या मागच्या बारक्या भोकावर होते. पाणी आत खेळत असेल तर तिथून धार येते. आली नाही, आली नाही, आणि मग आली. बारीक, नितळ, सकाळच्या उन्हात चमकणारी.

"मुतला बैल," वच्छलाबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. "आता बरा हाय."

टेम्पो रिकामा गेला. मला पुलगावला सोडायला गजानन निघाला, तेव्हा बाई हळदीचं बोट घेऊन इंजिनापाशी अडखळल्या. "मिस्त्रीभाऊ, याचा खांदा खरंच कुठं असते?"

मी वरच्या टोपणावर हात ठेवला. "इथे लावा. इथे काही होत नाही."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, समुद्र सापडला का? मी तिला बाभळी, कापूस, ओसरीवरची ती गोधडी, सगळं सांगत बसलो. इतकी वर्षं इंजिनं खोलतोय, पण ती दमतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या पोळ्याला गजाननचा फोन आला. मागे ढोलाचा आवाज होता आणि इंजिनाचा अजिबात नव्हता. "बंद पडलं का रे?"

"नाई जी, काका. आई म्हणते, पोळ्याले बैल जुंपाचा नाई, मागच्या वर्षी आपलं तेच चुकलं. झूल घालून बोटीत बसवलं हाय त्याले. आज मी वल्हं मारून राह्यलो, त्याले धरण फिरवून आणतो."