बाबांची पाठ आणि माझी हुशारी

बाबांचं हृदय थकलंय, असं भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मी घाबरलो. घाबरलो की मी वाचत सुटतो. शाळेत विज्ञान शिकवता शिकवता लागलेली खोड. मोबाइलवर एक शस्त्रक्रिया सापडली. पाठीचा मोठा स्नायू सोडवून हृदयाभोवती गुंडाळायचा, विजेचे हलके झटके देत त्याला न थकता काम करायची सवय लावायची, मग तो हृदयाला आवळून मदत करतो. मी हरखलोच. बाबांनी तुमसरच्या राइस मिलमध्ये हमाल म्हणून उभा जन्म धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, पाठीवर वाहिले. अशी पाठ अख्ख्या जिल्ह्यात कुणाची असणार? डॉक्टरांना विचारायच्या आधीच मी कॅलेंडरच्या मागे आकृती काढून बाबांचा तास घेतला.

"म्हंजे माही पाठच मले वाचवन?"

"हो बाबा. पन तिले आधी सवय लावा लागते."

आठवड्याने शाळेतून आलो, तर बाबा अंगणात तांदळाचा कट्टा पाठीवर घेऊन उभे. ओठ निळे पडलेले, धाप लागलेली.

"काय करून राहिले तुमी?"

"सवय लावून राहिलो."

वर्गात धडा अर्धवट समजला की मी मुलांना दोष देतो. इथे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. मी कट्टा त्यांच्या पाठीवरून घेतला आणि कट्ट्यासकट खाली बसलो.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "सर, ते ऑपरेशन आता कोणी करत नाही. फायदा टिकत नव्हता. यांना वजन उचलू देऊ नका. गोळ्या चालू ठेवा आणि रोज थोडं चालवा."

परतताना एसटीत बाबांनी विचारलं,

"मंग एवढी पाठ काय कामाची?"

मला रडू आलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. माझा हात दाबून तेच म्हणाले, "शिकवलं त शिकते ना पाठ? मंग आता तुह्या पाठीले शिकव."

आता दर रविवारी दुकानातून तांदूळ मी पाठीवर आणतो. पाच किलोपासून सुरुवात केली, दहावर आलोय. बाबा रिकाम्या हातांनी मागून चालतात आणि माझ्या चालीतल्या चुका काढतात. वाटेतल्या पुलाजवळ त्यांची धाप ऐकू येते. मग मी दमलो म्हणून पिशवी खाली ठेवतो. नाटक फारसं करावं लागत नाही.

"एवढ्यातच दमला? बस, बस," असं म्हणत कठड्यावर तेच आधी बसतात. त्यांचा श्वास जाग्यावर येईपर्यंत मी दमलेलाच असतो.