सातविणीखालचा थांबा

संध्याकाळी दोन ग्लास पोटात गेले की दादा जीप काढायचा आणि मी पडवीतून ओरडायचे, "बेड्याच्या भायर गेलंस तर घरात घेवचंय नाय." तो जायचा नाही. बेडं म्हणजे आमच्या काजूबागेचं बांबूचं फाटक. तिथपर्यंत जाऊन गाडी वळवायची आणि परत यायचं. जन्मभर सरकारी बस चालवलेला माणूस. नोकरीत असताना दारूचा थेंब नाही, आणि चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही. निवृत्त झाला, त्याच वर्षी वहिनी गेली, आणि ग्लास हातात आला. पण नियम सुटला नाही. पिऊन रस्त्यावर गाडी न्यायची नाही म्हणजे नाही. चालवायची ती स्वतःच्या बागेत.

"माझ्या जाग्यात माका कोण विचारतलो?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. "पोलिसांचो कायदो रस्त्यार. हय मी मालक."

मी त्याची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आले ती इथेच राहिले. धामापूरच्या तळ्यावरून पुढे गेलं की आमचं गाव. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे भांडायला तिसरं कोणी शोधावं लागत नसे.

मालक म्हणे. बागेतून एक वाट जाते, वरच्या वाडीतून थेट खालच्या डांबरी रस्त्यापर्यंत. सातबाऱ्यावर तिचा पत्ता नाही. ती राखणदाराची वाट. गावाची सीम, म्हणजे हद्द, आमच्या बेड्यापाशीच लागते; ती राखणारा तो, रोज तिन्हीसांजेला ह्याच वाटेने सीमेवर जातो असं सगळे मानतात. म्हणून आमचं बेडं आजोबांच्याही आधीपासून कोणी बांधलेलं नाही, नुसतं लोटलेलं असतं. आणि जिथून राखणदार जातो तिथून माणसंही जाणारच. वाडीतली माणसं जातात, गुरं जातात, आणि मालवणहून येणारी म्हावरेवाली काकी जाते. दुपारच्या बसने ती यायची, वरच्या वाडीत बांगडे-पेडवे विकायची आणि रिकामी पाटी घेऊन तिन्हीसांजेला खाली उतरायची, शेवटची बस गाठायला. दादा जीप घालायचा ती हीच वाट, आणि वेळही हीच.

मला राखणदाराची भीती नव्हती. मला भीती होती काकीची. गुडघे दुखणारी, कानाने जरा कमी ऐकणारी बाई. एक दिवस ती त्या वळणावर असणार आणि दादाचा पाय ब्रेकवर नसणार, हे मला दिसत होतं. "एक दिवस कोणाक तरी मारतलंस," मी म्हणायचे. तो म्हणायचा, "माझ्या जाग्यात?" जसं काही जागा त्याची असली की हाडं मोडत नाहीत.

दिवाळी झाल्यावर सातवीण फुलली. वाटेच्या वळणावर ते झाड आहे, आणि त्या दिवसांत संध्याकाळी त्याचा वास इतका जड होतो की डोकं धरतं. तेव्हापासून दादा तिथे थांबायला लागला. पडवीतून मला सगळं दिसायचं. जीप सातविणीखाली उभी राहायची. दादा वाकून डावीकडचं दार उघडायचा, थोडा वेळ थांबायचा, दार ओढून घ्यायचा आणि गाडी हलवायचा. बेड्यापाशी पुन्हा तेच. दार उघडायचं, थांबायचं, लावायचं. मग गाडी वळवून घरी.

पहिल्या दिवशी मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी आलं नाही.

"कोणाक घेतंस रे गाडयेत?" मी जेवताना विचारलं.

"म्हातारो आसता. हात करता," तो म्हणाला. "हात केल्यार थांबाक नको?"

"खंयचो म्हातारो?"

"कांबळा घेतलेलो. बोलणा नाय काय." त्याने भात कालवला. "सीमेर उतारता."

मला राग आला. पिणाऱ्याला काय, खुंटीवरचा सदराही माणूस दिसतो, असं मी तोंडावर म्हटलं. त्याने पुन्हा भात वाढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातविणीखाली जाऊन आले. वाळकी पानं होती, फुलांचा सडा होता, दुसरं काही नव्हतं. पण त्या संध्याकाळी मी हट्टाने गाडीत बसायला गेले. म्हटलं, बघूया कोण येतो तो.

"फाटी बस," दादा म्हणाला.

"फुडे कित्याक नको?"

"फाटी बस, बाय," तो पुन्हा म्हणाला. आवाज दारूचा नव्हता. मी मागच्या फळीवर बसले. वळणावर तो थांबला, त्याने दार उघडलं. समोर अंधुक उजेड होता आणि तो वास. एकही पान हललं नाही. मग गाडी डाव्या बाजूला किंचित खाली बसली. जुन्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे ते, कधीही कुरकुरतात. तेवढंच झालं. दादाने दार लावलं. बेड्यापर्यंत मी त्या पुढच्या सीटकडे बघितलं नाही. का नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर मी गाडीत बसले नाही आणि चेष्टाही केली नाही. फक्त दिवे लागायच्या वेळी पडवीत येऊन उभी राहायचे, काकी खाली गेली का बघायला.

ते घडलं ती संध्याकाळही मी तिथूनच पाहिली. जीप सातविणीखाली थांबली. त्याच वेळी वरून काकी आली, पाटी काखेत. गाडी थांबलेली बघून तिने हात वर केला आणि लगबगीने पुढे गेली. तिला वाटलं, आपल्यासाठीच थांबला. मी ओरडले, पण तिथपर्यंत आवाज कुठला पोचायला. ती डावीकडच्या उघड्या दाराशी आली, आत बघितलं, आणि वळून मागच्या पायरीकडे गेली. तिचा एक पाय पायरीवर होता तेव्हा दादाने दार ओढून घेतलं आणि गाडी सोडली. काकी खाली दगडावर पडली. तिचं ओरडणं मात्र पडवीपर्यंत स्पष्ट आलं.

मी धावत गेले. दादाने गाडी पुढे चार हातांवर थांबवली होती आणि तो काकीजवळ उकिडवा बसला होता. दारू पार उतरलेली. "मी बघूकच नाय," तो सारखा म्हणत होता. "तेका बघलंय, आणि हिका बघूक नाय." वाडीतल्या रिक्षातून आम्ही तिला मालवणला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातच पोलीस आले, दादाचं रक्त घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी जीप ओढून ठाण्यात नेली.

मग आमचा भाचा आला, थोरल्या बहिणीचा मुलगा. कुडाळला वकिली करतो, हुशार आहे. आल्या आल्या त्याने बेड्याला साखळी घालून कुलूप लावलं आणि एक पाटी लावली, खाजगी जागा म्हणून. "मामा, घाबरू नको," तो म्हणाला. "दारू पिऊन चालवलीस, पण कुठे? स्वतःच्या जागेत. सार्वजनिक रस्ता असता तर गोष्ट वेगळी. बेडं बंद असायचं, बाई न विचारता आत शिरली, एवढंच सांगायचं." दादाने मान डोलावली. मला काकीचं तोंड आठवलं. सकाळी पाहिलं तर साखळी सुटलेली होती, चिऱ्यावर नीट गुंडाळून ठेवलेली, आणि बेडं सताड उघडं. कुलूप तसंच लागलेलं. वाडीतल्या कुणीतरी साखळीची कडी वाकवली असेल, असं भाचा म्हणाला. कडी वाकलेली नव्हती.

हवालदार जबाब घ्यायला आला तो त्याच दिवशी. आचऱ्याकडचा, म्हणजे इथलाच माणूस, पण कागद पुढे घेतल्यावर ऑफिसातलं मराठी बोलायला लागला. भाच्याने खाजगी जागेचा मुद्दा मांडला. हवालदाराने तो शांतपणे ऐकून घेतला.

"सातबारा कोणाच्या नावावर आहे ते मी विचारत नाही," तो म्हणाला. "ह्या वाटेने जायचा-यायचा लोकांना हक्क आहे का, ते विचारतोय. असेल तर कायद्याने ही सार्वजनिकच जागा. आणि माणूस जखमी झालाय. निष्काळजीपणाचं म्हणाल, तर हा अपघात तुमच्या घरापुढच्या खळ्यात झाला असता तरी मी आलो असतो." मग त्याने दादाकडे बघितलं. "फाटक बंद असायचं?"

दादा जमिनीकडे बघत राहिला. भाचा खाकरला. त्या वेळी दादा खोटं बोलला असता तर मी त्याच्या घरात राहिले नसते, एवढं माझं ठरलं होतं.

"आणखी एक," हवालदार पान उलटत म्हणाला. "बाईंच्या जबाबात आहे. पुढची सीट भरलेली होती म्हणून त्या मागे चढायला गेल्या. म्हातारा गृहस्थ, अंगावर कांबळं. तो साक्षीदार पाहिजे. कोण होता?"

हवालदाराने वर बघितलं, मग दादाच्या तोंडाकडे, माझ्या तोंडाकडे, आणि पेन खाली ठेवलं. "कोण होतो तो?" त्याने हळूच विचारलं.

"तिना बघल्यान?" दादा म्हणाला.

"तशी सांगता."

दादाने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "लिवा," तो म्हणाला. "बेडां कधीच बांधूक नाय. वाट माझी नाय, सगळ्यांची. मी पियालेलंय. तिना हात केल्यान आणि मी तिका बघूक नाय." भाचा उठून खळ्यात गेला. हवालदाराने सगळं लिहून घेतलं आणि साक्षीदाराची जागा मोकळी सोडली.

चार दिवसांनी आम्ही बसने मालवणला काकीला बघायला गेलो. दादा तिच्या पायाशी उभा राहिला. तिची सून रागाने बघत होती, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. काकीला पुन्हा चालता येईल, पण डोक्यावर पाटी घेऊन वाडीची चढण चढणं संपलं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दादा रडला. माझ्या भावाला मी वहिनीच्या वेळीही रडताना बघितलं नव्हतं.

काकीने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "तो म्हातारो खंय उतारलो?"

दादाचं रडणं थांबलं. मलाही तेव्हाच लक्षात आलं. त्या संध्याकाळी जीप बेड्यापर्यंत गेलीच नव्हती. डावीकडचं दार लावलं ते कोणी परत उघडलं नव्हतं. जीप तशीच ओढून नेली होती.

तिथून आम्ही ठाण्यात गेलो. आवारात जप्तीच्या गाड्यांत आमची जीप उभी होती, काचांवर लाल धूळ. भर दुपार होती, रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या, आणि तरी माझ्या अंगावर काटा आला, कारण जीप डाव्या बाजूला खाली बसलेली होती. दादाने हवालदाराला सांगितलं, फक्त दार उघडायचंय. जप्तीच्या गाडीला हात लावू देता येत नाही, असं हवालदार म्हणाला. मग तोच उठला, किल्ली घेऊन आला, डावीकडचं दार उघडून बाजूला झाला, आणि त्याने टोपी काढली. दादा वाकून हळू आवाजात काहीतरी म्हणाला. "माफ करा" एवढंच मला ऐकू आलं.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. तिघांच्या बाकड्यावर दादा खिडकीकडची जागा सोडून मध्ये बसला, मी कडेला. कंडक्टर आला तेव्हा दादाने तीन तिकिटं मागितली.

"तिसरो खंय?" कंडक्टरने विचारलं. उभी असलेली माणसं आमच्याकडे बघायला लागली. दादाने मान माझ्याकडे वळवली.

"हो हय खिडकेकडे बसलेलो आसा," मी म्हटलं. "आमच्या वाटेर उतारतलो."