उतारावरचा ब्रेक

मंदार टीव्हीवरच्या डोंगरावरून सायकल सोडतो तेव्हा वळणागणिक त्याचे खांदे कलतात. घाटातल्या सायकलच्या अपघातापासून कमरेखाली मात्र काहीच हलत नाही. चाकाच्या खुर्चीत बसलेला माझा मुलगा खेळतो आणि मी बाजूला बसून बघतो.

खेळ सुंदर आहे. अख्खा डोंगर मोकळा. कुठूनही चढा, कुठूनही उडी घ्या, अडवणारं कोणी नाही. बर्फावरचं ऊन पाहून मीही डोळे बारीक करतो.

मंदारची तक्रार वेगळीच. "एवढा मोठा डोंगर, बाबा, पण पडलं तरी लागत नाही. मग मजा कसली?"

मी चहा ढवळत राहतो. लागत नाही, हाच तर मला त्यातला सगळ्यात मोठा गुण वाटतो. खऱ्या डोंगरांना तेवढंच जमत नाही.

आज त्याने रिमोट माझ्या हातात दिला. माझा सायकलवाला कड्यावर उभाच. ब्रेकचं बटण मी घट्ट दाबून धरलं होतं.

"सोडा की ब्रेक, बाबा! किती घाबरता!" तो हसला.

घाटात, त्याच्या सायकलमागून येणाऱ्या गाडीच्या खिडकीतून, हेच मी त्याला ओरडून म्हणालो होतो. नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलो की पोरगं ऐकतच नव्हतं. तेव्हा तो शेजारीच असायचा. पाहुण्यांपुढे पाणी सरकवायचा.

त्याला ते आठवतं का, हे विचारायचं धाडस अजून होत नाही. म्हणून इथे लिहितो. ब्रेक त्याने लावला होता. सोडायला मी सांगितलं.