प्रस्थानात गेलेला चश्मा

आमची लाल गाडी गंगेच्या पलीकडे राहते. दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत समोरून गाय आली की स्कूटर मागे घ्यावी लागते, तिथे गाडी आणायचा प्रश्नच येत नाही. म्हणून रामनगरला एका बंद पडलेल्या तेलघाणीची शेड भाड्याने घेतली आहे. हे, म्हणजे माझे यजमान, बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी पुलावरून तिकडे जातात, गाडीवरचं कापड काढतात, ती सुरू करतात, थोडा वेळ ऐकत उभे राहतात आणि कापड परत घालून जेवायला घरी येतात. गाडी दोन माणसांची, उघड्या टपाची आणि बसायला इतकी खाली की उठताना कोणाचा तरी हात धरावा लागतो. बाजार आणायला किंवा पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला तिचा काडीचा उपयोग नाही. त्यासाठी माझी साधी गाडी त्याच शेडमध्ये शेजारी उभी असते.

बनारसमध्ये अशा गाड्या बाळगणाऱ्यांची एक मंडळी आहे. मंडळी म्हणजे तीनच जण: हे, एक दातांचे डॉक्टर आणि एक साड्यांचे व्यापारी. रविवारी सकाळी महामार्गावर जायचं, कचोरी-जिलेबी खायची, एकमेकांच्या गाडीत काय बिघडलंय ते सांगायचं आणि परत यायचं.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी बातमी आणली. दिल्लीच्या अलीकडच्या ट्रॅकवर एन्ड्युरन्स रेस होणार होती. म्हणजे दिवसभराची शर्यत. एका गाडीला दोन-तीन चालक, ते आळीपाळीने चालवणार आणि ठरलेल्या वेळात जी गाडी जास्त अंतर कापेल ती जिंकणार. ह्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट मात्र वेगळीच होती. शर्यत संपल्यावर बघायला आलेल्या हौशी लोकांना आपापली गाडी त्याच ट्रॅकवर तीन फेऱ्या चालवू देणार होते. डॉक्टरांनी तिघांची नावं दिली. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या तीन फेऱ्यांशिवाय दुसरा विषय निघाला नाही. ट्रॅकचे व्हिडिओ बघून बघून ह्यांना सगळी वळणं पाठ झाली. भाजी चिरताना मला ती सांगायचे.

निघायचं शुक्रवारी पहाटे ठरलं. मोठ्या दिरांना ते कळलं तेव्हा त्यांनी हातातलं पंचांग खाली ठेवलं. दीर अमृतराव घाटाजवळ राहतात, पौरोहित्य करतात आणि आमच्या घरातलं कोणीही त्यांना विचारल्याशिवाय मुगलसरायच्या पुढे जात नाही. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल, त्या दिवशी तिकडे निघणं अशुभ, असं ते म्हणाले. डॉक्टरांची आणि व्यापाऱ्यांची गाडी तर शुक्रवारीच निघणार, मग ह्यांनी काय करायचं? त्यावर उपाय होता. गुरुवारी प्रस्थान ठेवायचं.

आमच्याकडे अजून प्रस्थान ठेवतात. सोयीचा दिवस आणि चांगला दिवस जुळत नसला, की चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू जायच्या दिशेला असलेल्या ओळखीच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्या दिवशी सुरू झाला. मग माणूस सोयीने निघतो आणि जाताना वस्तू उचलतो. सुपारी, अक्षता, हळकुंड आणि ती वस्तू, असं सगळं फडक्यात बांधतात.

दीर म्हणाले, "वस्तू प्रवासात लागणारी हवी. रुमाल-बिमाल चालणार नाही."

ह्यांनी गाडी चालवायचा चश्मा काढून दिला.

ह्यांना वाचायचा चश्मा वेगळा आणि लांबचा वेगळा. लांबचा फक्त गाडी चालवताना लागतो, पण तेव्हा लागतोच. मी म्हटलं, पट्टा द्या, हातमोजे द्या, चश्मा कशाला? तर म्हणाले, उद्या पहाटे तो घ्यायलाच तर डॉक्टरांकडे थांबणार आहोत, विसरायचा प्रश्न नाही. डॉक्टरांचं घर शहराच्या पश्चिमेला, लखनऊच्या रस्त्यावर. गुरुवारी दुपारी हे स्कूटरवरून ते पुरचुंडं तिकडे देऊन आले. जपून ठेवा, देवाजवळ ठेवा, उद्या नेतो, असं सांगून आले.

शुक्रवारी उजाडायच्या आत आम्ही डॉक्टरांच्या घरापुढच्या पेट्रोल पंपावर पोहोचलो. शहरातल्या रिकाम्या रस्त्यावर हे चश्म्याशिवाय हळूहळू चालवत आले, मी शेजारी बसून खड्डे सांगत होते. व्यापारी आधीच आले होते, डॉक्टर गाडीत हवा भरत होते. ह्यांनी पुरचुंडं मागितलं, तसे ते पंपाची नळी हातात धरून उभेच राहिले.

"भाई साहब, वो तो विसर्जन हो गया."

झालं होतं असं. डॉक्टरांनी पुरचुंडं देवघरात ठेवलं आणि ते दवाखान्यात गेले. संध्याकाळी त्यांच्या अम्मांनी ते पाहिलं. फडक्यातून सुपारी आणि हळकुंड दिसत होतं, म्हणजे पूजेचं सामान. बनारसमध्ये पूजेचं सामान घरात शिळं होऊ देत नाहीत. अम्मा आरतीला घाटावर निघाल्याच होत्या. फुलांबरोबर त्यांनी तेही गंगेला दिलं, हात जोडून.

"अम्मा कह रही थीं कि कुछ भारी-सा लगा," डॉक्टर म्हणाले. "उन्होंने सोचा नारियल होगा. छोटावाला."

हे म्हणाले, "डॉक्टर साहब, आप तो दाँत निकालते हैं. आँखें कब से निकालने लगे?"

साड्यांचे व्यापारी हसायला लागले, मग डॉक्टरही हसले. ह्यांनी मात्र गाडीच्या दारावर ठेवलेला हात काढला नाही. घरी दुसरा चश्मा नव्हता. जुन्याची काच फुटली म्हणून तर हा केला होता. त्या वेळी बनारसमध्ये एकही दुकान उघडं नव्हतं. मी ह्यांच्याकडे किल्ली मागितली.

लाल गाडी मी त्याआधी शेडमधून बाहेर काढण्यापलीकडे कधी चालवली नव्हती. ह्यांनी कधी दिली नव्हती आणि मी कधी मागितली नव्हती. क्लच जड होता आणि आरशात फक्त मागच्या ट्रकचं बंपर दिसत होतं. जौनपूर मागे पडेपर्यंत हे सूचना देत होते. आता चौथा टाक. आता तिसऱ्यात ये. इतका वेळ क्लचवर पाय ठेवू नको.

"तुम्हाला समोरचा ट्रक दिसतोय का?" मी विचारलं.

"ट्रक दिसतोय. त्याच्यावर काय लिहिलंय ते दिसत नाही."

"मग मला चालवू द्या."

लखनऊनंतर एक्सप्रेसवे लागला आणि मला गाडी जमायला लागली. ह्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. झोपले नव्हते, कारण गिअर बदलताना माझं चुकलं की टोपीखालून आवाज यायचा. ढाब्यावर डॉक्टर मला म्हणाले, "भाभीजी, आप तो हमसे आगे निकल गईं." ते खरं होतं. ह्यांनी पराठा मोडत सांगितलं की गाडी चांगली असली की कोणीही पुढे निघतं.

संध्याकाळी हॉटेलवर सामान टाकून मी ह्यांना चश्म्याच्या दुकानात घेऊन गेले. बनारसच्या आमच्या दुकानदाराकडून फोनवर नंबर मागवला. नंबरमध्ये तिरकसपणाचं काही होतं, ते तयार काचांत मिळत नाही. काच बाहेरून घासून आणावी लागेल, सोमवारी मिळेल, असं तिथल्या माणसाने सांगितलं. तोवर जवळपासच्या नंबरची तयार काच घालून दाखवली. ह्यांनी ती लावून दारापर्यंत फेरी मारली आणि उत्तम आहे म्हणाले. मी रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. त्यांनी वाचली, पण ते मिठाईचं दुकान नव्हतं. आम्ही चश्मा न घेता परत आलो.

सकाळी नाश्त्याला ह्यांनी आपलं म्हणणं मांडलं. रस्त्यावर समोरून वाहनं येतात, माणसं येतात, ट्रॅकवर कोणी येत नाही. सगळे एकाच दिशेने जाणार, पुढे आयोजकांची गाडी असणार, तिच्या मागे जायचं. तिथे चश्मा कोण तपासतंय? ट्रॅक तर मला पाठ आहे.

"चालवा," मी म्हटलं. "मी शेजारी बसणार नाही."

"का?"

"मला दिसतं म्हणून."

ह्यांनी ऑम्लेट बाजूला सारलं. भांडण वगैरे झालं नाही. ते चालवणार आणि मी खाली उभी राहणार, असं ठरल्यासारखं झालं आणि आम्ही शर्यत बघायला गेलो.

शर्यत मला वाटलं होतं तितकी कंटाळवाणी नव्हती. आवाजाने पहिला तासभर डोकं दुखलं, मग सवय झाली. बघण्यासारखं होतं ते चालक बदलणं. गाडी आत येऊन थांबायची, आतला माणूस बाहेर पडायचा, नवा आत शिरायचा आणि बाहेर पडलेलाच वाकून त्याचे पट्टे आवळायचा. त्या घाईत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आमच्या घरातून चार माणसांना एका लग्नाला बाहेर काढायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात त्यांचे तीन चालक बदलून झाले असते.

ह्यांना गाड्यांचे नंबर दिसत नव्हते. पण आवाजावरून कोणती गाडी ते ओळखत होते आणि मी नंबर सांगून खात्री करत होते. पुढे कोण, किती मागे कोण, हे पडद्यावरचं वाचून मीच सांगत होते. डॉक्टर आणि व्यापारी मधल्या मधल्या वेळात खायला जाऊन आले. हे जागचे हलले नाहीत.

दुपारनंतर सगळ्या गाड्या अचानक हळू झाल्या.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"पिवळा झेंडा दाखवतायत. वळणावर एक गाडी फिरलीय."

"कुठे झेंडा?"

मी बोट दाखवलं. झेंडा हलवणारा माणूस आमच्या समोरच होता, ट्रॅकच्या पलीकडच्या कडेला. आजूबाजूच्या सगळ्यांना तो दिसत होता. मागच्या रांगेतली एक लहान मुलगी आईला तोच दाखवत होती. ह्यांनी वाचायचा चश्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला आणि माझ्या बोटाच्या रेषेत बराच वेळ बघत राहिले. तो माणूस झेंडा गुंडाळून खाली बसला तेव्हाही हे तिकडेच बघत होते. गाड्या परत वेगाने जायला लागल्यावर त्यांना ते कळलं.

शर्यत संपली. कोण जिंकलं ते मी तेव्हा वाचून सांगितलं होतं, आता आठवत नाही. हौशी गाड्यांना आत बोलावलं. रांगेत पुढे डॉक्टर, मग व्यापारी, मग आमची. एका माणसाने सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. हेल्मेट हवं, पुढच्या गाडीला मागे टाकायचं नाही, पिवळा झेंडा दिसला की हळू, लाल दिसला की थांबायचं. झेंडेवाले वळणावळणावर उभे आहेत, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. कोणाला काही विचारायचंय का, असं त्याने विचारलं. ह्यांनी काही विचारलं नाही.

मी कुंपणाच्या बाहेर जायला निघाले होते. हे चालकाच्या जागी बसले, पट्टा बांधला, हेल्मेट घातलं आणि गाडी सुरू केली. पुढच्या गाड्या हलायला अजून वेळ होता. मग त्यांनी इंजिन बंद केलं. पट्टा सोडायला त्यांना जरा वेळ लागला. उठताना हात द्यायला मी परत आले.

"तू बस," ते म्हणाले.

"चालेल ना तुम्हाला?"

"नाही चालत. बस तू. रांग हलेल आता."

मी बसले. हेल्मेट ढिलं होतं, ते ह्यांनी हनुवटीखाली आवळून दिलं आणि गाडीला वळसा घालून शेजारी येऊन बसले. रांग हलली.

पहिली फेरी मी झेंडेवाले शोधण्यात घालवली. ते सगळे मला दिसत होते, पण पुढचं वळण कुठल्या बाजूला जातंय हे मात्र कळत नव्हतं, कारण रस्ता चढून मग एकदम खाली उतरत होता. ते ह्यांना माहीत होतं. चढ संपायच्या आधी ते म्हणायचे, डावीकडे, आणि मग वळण डावीकडेच निघायचं. आता ब्रेक. आता सोड. आता ॲक्सिलरेटर दे. मी देत होते. दुसऱ्या फेरीला आम्ही व्यापाऱ्यांच्या गाडीच्या इतक्या जवळ गेलो की मला मागे राहावं लागलं. मागच्या लांब सरळ रस्त्यावर वारा हेल्मेटच्या काचेखालून शिरत होता आणि ह्यांचा एक हात दाराच्या कडेवर होता, दुसरा गुडघ्यावर. गुडघ्यावरचा हात माझ्या आधी गिअर बदलत होता.

तिसऱ्या फेरीत मी एका वळणाला उशिरा ब्रेक लावला आणि गाडी थोडी बाहेर गेली. ह्यांनी फक्त पाय पुढे दाबला, जिथे त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता. मग सगळ्यांना आत वळवलं आणि फेऱ्या संपल्या.

डॉक्टर हेल्मेट काढत धावतच आले आणि कसं वाटलं म्हणून विचारायला लागले. पुन्हा कधी अशी संधी मिळेल कोणास ठाऊक, असंही म्हणाले. पुढच्या वर्षी नावं देणारे तेच आहेत, तरी म्हणाले. हे गाडीच्या बॉनेटला टेकून उभे राहिले आणि सांगू लागले. प्रत्येक वळण सांगितलं, कुठे ब्रेक पडला, कुठे मागचं चाक सुटतंय असं वाटलं. गाडी कोण चालवत होतं हे डॉक्टरांनी पाहिलेलंच होतं, त्यामुळे त्याबद्दल कोणी बोललं नाही.

"और पीछे वाली सीधी सड़क पर," हे म्हणाले, "हम चौथे गिअर में थे."

"पाचव्या," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि डॉक्टरांना सरळ रस्ता पुन्हा पहिल्यापासून सांगितला, पाचव्यात.