नाइट्या आणि आमचं अर्धं दुकान

दुकानात दोन गोष्टी रोज झाडल्या तरी रोज साचतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ निदान फडक्याला लागते. किस्से माझ्या पोटात राहतात, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे! तेव्हा बसा. चहा सांगितलाय.

डहाणू गावातल्या जुन्या बाजारात आमचं दुकान आहे. दुकान कसलं, अर्धं दुकान! उरलेल्या अर्ध्यात हसमुखभाईंचं कापड. खरं तर सगळीच जागा त्यांची. पुढे दुकान, मागे आणि वर घर, अशी जुनी बांधणी. त्यांच्या आईने, म्हणजे बांनी, शब्द टाकला म्हणून अर्धी जागा आम्हाला मिळाली. आम्ही म्हणजे तिघं. झरीच्या लखमीमावशी वारली चित्रं काढतात. उधव्याचे लाडक्याकाका बांबूच्या वस्तू करतात. आणि मी शुभांगी, मला यातलं काहीच येत नाही, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे.

जागा देतानाच हसमुखभाईंनी अट घातली. "शुभांगीबेन, तुळशीच्या लग्नापर्यंत बघू. चाललं तर तुमचं. नाही चाललं तर लग्नसराईला मी इथे नाइटी लावणार. नाइटी म्हणजे हमखास माल! गावात बाई आहे तोपर्यंत नाइटी आहे!"

मी तलासरीची टायपिंगची नोकरी सोडून आले होते. मावशी त्याआधी स्टेशनबाहेर पोत्यावर चित्रं मांडून बसायच्या, उन्हात. दुकान गेलं तर त्या परत पोत्यावर आणि मी परत कीबोर्डवर. त्यामुळे नाइटी हा शब्द ऐकला की मी कॅलेंडर बघायचे. अजूनही बघते!

*

पहिल्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ते साडी हातात घेऊन. "फॉल-पिको करता का हो?"

मी तोंड उघडायच्या आत लाडक्याकाका म्हणाले, "नाय बाय. पण सूप आहे."

बाई गोंधळली. काकांनी सूप तिच्या हातात दिलं, दोन ओंजळी तांदूळ टाकले आणि म्हणाले, "पाखड." बाई उभ्या उभ्या पाखडायला लागली. माहेरी असताना पाखडायची म्हणे, लग्नानंतर हातात सूपच आलं नव्हतं. आमची भवानी झाली!

तासाभराने परत आली. साडी काउंटरवरच विसरली होती.

*

लखमीमावशींशी घासाघीस करू नये. हे मी सगळ्यांना सांगते, कोणी ऐकत नाही.

मुंबईहून बीचवर आलेल्या एक मॅडम चित्राकडे बघून म्हणाल्या, "एवढ्याचे एवढे? नुसती काड्याकाड्यांची तर माणसं आहेत. हे तर माझी मुलगी पण काढेल!"

मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी बांबूची काडी घेतली, टोक दातांनी चावून चावून मऊ केलं, तांदळाच्या पिठाची वाटी सरकवली आणि गेरू लावलेला कपडा पुढे ठेवला. "मुलगी कशाला? तूच काढ ना."

मॅडमनी स्टूल ओढला. दोन त्रिकोण काढायचे, टोकाला टोक लावून. झालं माणूस. सोपं! पहिल्याची कंबर तुटली. दुसऱ्याचं पोट सुटलं. तिसरा उभाच राहीना, पाठीवर पडायला लागला. बाहेर गाडीत बसलेला नवरा हॉर्न मारून मारून थकला आणि शेवटी आत येऊन शेजारी बसला.

तासाभराने मॅडमनी दोन मोठी चित्रं घेतली, सांगितल्या किमतीला. जाताना आपलं पाठीवर पडलेलं माणूस मागायला लागल्या, आठवण म्हणून.

मावशी म्हणाल्या, "त्याला राहू दे इथंच. आजारी दिसतो. बरा झाला की पाठवते!"

अजून आहे तो. काउंटरच्या मागे लावलाय. कुणी घासाघीस सुरू केली की मी नुसतं त्याच्याकडे बोट दाखवते.

*

लाडक्याकाकांचा किस्सा वेगळाच. वापीच्या एका कंपनीतून साहेबांचा फोन आला. दिवाळी गिफ्टसाठी बांबूच्या टोपल्या हव्यात, भरपूर, अर्जंट! माझ्या आयुष्यातली पहिली मोठी ऑर्डर. मी फोन छातीशी धरूनच काकांना सांगितलं.

काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "आता नाय होणार. चांदणं आहे. अमावास्या येऊ दे."

"काका, अहो कंपनी आहे ती!"

"कंपनी असू दे. चांदण्यातला बांबू तोडला की त्याला कीड लागते. माझा बापूस नाय तोडायचा, मी पण नाय तोडणार."

आता हे साहेबांना कसं सांगायचं? जमेल तसं सांगितलं. मग साहेब म्हणाले, "मॅडम, आम्हाला टोपल्या पाहिजेत, जादूटोणा नको." आणि फोन ठेवला. ऑर्डर गेली दुसरीकडे. त्या दिवशी हसमुखभाई कापडाच्या बाजूने टेप घेऊन आले आणि आमच्या मागच्या भिंतीचं माप घेऊन गेले. नाइट्यांच्या रॅकसाठी!

महिनाभराने पुन्हा तोच नंबर. दुसरीकडच्या टोपल्यांतून पिवळी भुकटी गळत होती, काजूबदामावर! साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला होता. म्हणाले, "मॅडम, न्यू इयरला पण गिफ्ट द्यायचे असतात. तुमच्या काकांना जरा विचारता का, पुढची अमावास्या कधी आहे?"

*

हसमुखभाईंनी स्पर्धासुद्धा करून बघितली बरं का! सुरतेहून वारली प्रिंटच्या चादरी आणल्या. आमच्या चित्रांच्या अगदी समोर टांगल्या. "शुभांगीबेन, मन दुखवू नका हं. धंदा आहे."

चादर खरंच देखणी होती. आलेलं गिऱ्हाईक तिकडेच वळायचं. मला रडू यायचं बाकी होतं.

लखमीमावशी उठल्या, चादरीपाशी गेल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हसू थांबेचना! गिऱ्हाइकं जमली. कोणीतरी विचारलं, "काय झालं, मावशी?"

"हा बघा ना तारपावाला! भोपळ्याकडनं फुंकायचा असतो तारपा. ह्याने कर्णा तोंडात घातलाय! आणि ही नाचणारी माणसं बघा, एवढा वेळ नाचतात, आवाज कुठनं येतो यांना?"

मग काय, जो तो चादरीतला तारपावाला शोधायला लागला. चाळीस चादरी आणि चाळीस तारपेवाले, सगळे उलट्या बाजूने फुंकतायत. एकही चादर गेली नाही.

हसमुखभाई आठवडाभर मावशींशी बोलले नाहीत. पण पुढच्या खेपेला सुरतेचा एजंट सँपल घेऊन आला, तेव्हा मी माझ्या कानांनी ऐकलं. हसमुखभाई चष्मा वर करून ओरडत होते, "अरे भाई, आ तारपो ऊंधो छे! मला काय येडा समजतो? माझ्या बाजूला एक्सपर्ट बसते!"

*

आणि आता ज्याच्यासाठी तुम्हाला बसवलं तो किस्सा.

दिवाळी झाली. तुळशीच्या लग्नाला चार दिवस उरले होते. धंदा बरा होता, पण हसमुखभाईंच्या नाइट्यांपुढे बरा म्हणजे काहीच नाही. अशात एक हॉटेलवाले आले. मोठं रिसॉर्ट बांधत होते. त्यांना रिसेप्शनच्या भिंतीवर लग्नाचा चौक हवा होता. आख्खी भिंत! हसमुखभाई स्वतः त्यांच्यासाठी थंडा घेऊन आले.

चौक म्हणजे वारल्यांच्या लग्नात घरच्या भिंतीवर काढतात तो. मध्ये देवी, भोवती नक्षी. तो काढल्याशिवाय लग्न लागत नाही.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "लग्न कोणाचं?"

"लग्न कोणाचंच नाही, मावशी. डेकोरेशनसाठी."

"मग देवीला कशाला बोलवायची? ती येईल, बसेल आणि म्हणेल, नवरी कुठाय? मी काय सांगू तिला?"

हॉटेलवाले हसले. दुप्पट देतो म्हणाले. मावशींनी त्यांना नाच दाखवला, शेत दाखवलं, मोर दाखवला. हे काढून देते म्हणाल्या, आख्खी भिंत भरून देते. त्यांना चौकच हवा होता. मावशींनी मान हलवली ती हलवलीच. हॉटेलवाले थंडा अर्धा ठेवून गेले.

हसमुखभाई लालबुंद! "आवी ऑर्डर कोई छोडे? बस झालं, शुभांगीबेन. तुळशीचं लग्न झालं की सुतार येणार."

मी मावशींवर पहिल्यांदाच चिडले. "मावशी, कोणाला कळणार होतं?"

"मला कळणार होतं ना, शुभाबाय," त्या म्हणाल्या आणि काडी चावायला लागल्या. मी मागे जाऊन खरंच रडले. खोटं कशाला सांगू?

हे सगळं बा बघत होत्या. ऐंशीच्या पुढच्या बा दिवसभर दुकानाच्या उंबऱ्याशी सुपारी कातरत बसतात. त्या दिवशी अडकित्ता खाली ठेवून म्हणाल्या, "लखमी, माझ्या नातीचं लग्न आहे."

ते सगळ्यांनाच माहीत होतं. हसमुखभाईंच्या जिग्नाचं, तुळशीच्या लग्नानंतर आठवड्याने.

बा म्हणाल्या, "माझं माहेर उधव्याचं. बापूजीचं किराणाचं दुकान होतं. माझ्या लग्नात गावातल्या बायकांनी आमच्या रसोड्यात चौक काढला होता. कोणी बोलावलं नव्हतं, आपणहून आल्या. म्हणाल्या, पोर आमच्या गावातली आहे. जिग्नाला तू काढशील?"

मावशींनी विचारलं, "नवरी खरी ना?"

"खरी."

"मग काढते."

चौक काढायचा कुठे? मागे रसोड्यात, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात, गेलो तर खालपासून वरपर्यंत चकाचक टाइल्स. वर हॉलमध्ये वॉलपेपर. मावशी भिंतींवर हात फिरवत घरभर हिंडल्या. "ह्यावर गेरू बसायचा नाय."

बा काठी टेकत दुकानात आल्या, आमच्या अर्ध्यात, आणि मागच्या भिंतीवर काठी वाजवली. "हे बघ. मी लग्न होऊन आले तेव्हा रसोडं इथेच होतं. ही भिंत जुनी आहे."

हसमुखभाई म्हणाले, "बा, पण तिथे तर..." बांनी त्यांच्याकडे बघितलं. हसमुखभाई म्हणाले, "ठीक छे."

मावशी झरीहून दोन सवाशिणी आणि लग्नाची गाणी म्हणणारी धवलेरी घेऊन आल्या. भिंत सारवली, गेरू दिला. दिवसभर गाणी आणि दिवसभर चौक. भर बाजार थांबून बघत होता. लाडक्याकाका दारात कोणाला चपला घालून आत येऊ देईनात. जिग्ना आली, वाकून नमस्कार केला, आणि देवीकडे बघता बघता रडायलाच लागली. लग्न झकास लागलं.

लग्नाच्या गडबडीत सुतार राहून गेला होता, त्याला हसमुखभाई लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी घेऊन आले. नाइट्यांचे गठ्ठे हातगाडीवर बाहेर उभे. मी चित्रं उतरवून कागदात गुंडाळायला घेतली होती. मावशी पोत्याची घडी घालत होत्या.

सुतार जवळच्या झाई गावचा होता, चौक ओळखणारा. उंबऱ्यावर आला, भिंत बघितली, चपला काढल्या, हात जोडले. मग हातोडी काखेत धरून उभाच राहिला.

"अरे, उभा काय राहिलास? रॅक ठोक ना," हसमुखभाई म्हणाले.

"ठोकतो की, शेठ. तुम्ही फक्त दाखवा, खिळा कुठे मारू?"

हसमुखभाईंनी वरून सुरुवात केली. बोट भिंतीवरून फिरत फिरत खाली आलं, उजवीकडे गेलं, डावीकडे गेलं. मध्ये देवी. बोट थांबलं.

मग त्यांनी हळूच स्वतःच्या चपला काढल्या.

उंबऱ्यावर बा सुपारी कातरत होत्या.