चौथ्या मजल्यावरची कार्डं

उत्तर फ्रान्समधल्या वेरकिन्यी या खाणगावाचा महापौर फेर्नांद देलोबेल. एकवीस वर्षं लाल झेंड्याखाली निवडून येत होता, आणि जिभेला हाड म्हणून नव्हतं मेल्याच्या! खाणीत उतरला जेमतेम सात महिने. पण भाषणात "आम्ही खाणकामगार" म्हणताना गळा असा दाटायचा, जणू कोळसा अजून घशातच अडकलाय. रेमोंदला ते भाषण पाठ होतं. त्याची पोस्टरं एकवीस वर्षं तिनंच भिंतींवर चिकटवली होती, खळ स्वतःच्या चुलीवर शिजवून.

खरा खाणकामगार तिचा नवरा, आशिल. सव्वीस वर्षांच्या धुळीनं त्याची छाती पोखरली होती. दोघं नगरपालिकेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत, लिफ्ट नाही. आशिलची शर्यतीची कबुतरं खाली अंगणात. उतरला तर परत चढवेना, म्हणून दोन वर्षं तो खिडकीतूनच त्यांना शीळ घालत होता. तीही धड वाजत नव्हती.

तळमजल्यावरचं घर रिकामं झालं तशी रेमोंद महापौराकडे गेली.

"अगं, तुमचंच समज!" फेर्नांदनं तिचे दोन्ही हात धरले. "आशिलला नाही द्यायचं तर कुणाला? उन्हाळ्याच्या आत किल्ली. कॉम्रेडचा शब्द आहे."

आशिलनं त्या दिवशी कबुतरांचा चारा नवा मागवला. खुळा!

उन्हाळ्यात त्या घरात पोस्टरांचे गठ्ठे, झेंडे आणि खळीच्या बादल्या येऊन पडल्या. महापौराचं प्रचार कार्यालय!

"निवडणूक होऊ दे गं," फेर्नांद म्हणाला. "चार जिन्यांचं ते काय एवढं?"

त्याला काय ठाऊक चार जिने! दर जानेवारीत पक्षाची नवी सभासद-कार्डं वाटायला तो स्वतः दारोदार फिरायचा, घराघरात एकेक पेला जिन दारू रिचवायचा. रेमोंदच्या इमारतीशी मात्र खालूनच हाक. मग रेमोंदच बाटली, पेला घेऊन खाली यायची, आणि दोघांची कार्डं घेऊन वर जायची. एकवीस वर्षांत हा बाबा एकदाही वर चढला नाही. आणि तिलाही त्यात कधी काही खटकलं नाही, याचीच आता तिला लाज वाटत होती.

नोव्हेंबरात आशिल गेला. खिडकीशी, खुर्चीतच. शवपेटी जिन्याच्या वळणावर तीनदा अडकली. दफनभूमीत फेर्नांद पाऊण तास बोलला, डोळेही पुसले.

जानेवारीत खालून हाक आली, "रेमोंद! कार्डं आणलीत गं!"

तिनं खिडकी उघडली. "वर ये."

"अगं, गुडघे..."

"वर ये म्हटलं ना."

आला. तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा राहिला, चौथ्यावर पोचला तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. रेमोंदनं ना खुर्ची दिली, ना पेला. त्यानं धापा टाकत कार्डं पुढे केली. सवयीनं दोन. वरच्या कार्डावर त्याच्याच अक्षरात आशिलचं नाव.

फेर्नांदचा चेहरा पडला. "ते... ऑक्टोबरातच लिहून ठेवलेली असतात गं..."

"असू दे," ती म्हणाली. तिनं आशिलचं कार्ड घेतलं, एप्रनला पुसलं. "हे ठेवते. तो बिचारा शेवटपर्यंत तुझ्या शब्दावर विसंबून होता. माझं घेऊन जा."

आणि तिनं दार लावून घेतलं.